दादला नको, मावश्या द्या

माझ्या पिशवीत एक अख्खं कुटुंब नांदायचं. खोटं नाही सांगत. दहाच्या नोटेवर डोक्यावर पेंढी घेतलेली एक बाई होती, तिला सगळे मावशी म्हणायचे. शंभराच्या नोटेवर लांब दाढीचा कुणी थोर विद्वान होता, तो आजोबा. पाचशेवर मिशांना पीळ दिलेला सेनापती होता, तो सासरा, कारण तो घरात क्वचित यायचा आणि आला की सगळे सावरून बसायचे. आणि पन्नासच्या नोटेवर खांद्यावर फळी घेतलेला एक साधासुधा माणूस होता. दाढी नाही, पदक नाही, डोक्यावर टोपीसुद्धा नाही. त्याला सगळे दादला म्हणायचे. का, तर सकाळी हातात असतो आणि संध्याकाळी कुठे गेला ते विचारायची सोय नाही. हे नाव बायकांनीच ठेवलेलं असणार.

मी बसचा कंडक्टर होतो. उभा जन्म चालत्या गाडीत उभ्यानं काढला. तेव्हा माझ्या कानांवर दिवसभर हेच. "आजोबा मोडा आणि दोन दादले द्या." "माझा दादला फाटका निघाला, बदलून द्या हो." मग सगळी गाडी हसायची. तोच विनोद, तीच माणसं, रोज नव्यानं हसायची. मला पहिल्या वर्षी हसू आलं, नंतर फक्त पाय दुखायचे. विद्वानाचं आणि सेनापतीचं खरं नाव नोटेवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं म्हणे. मी कधी वाचलं नाही. दादल्याच्या खाली मात्र नावच नव्हतं.

अशा गाडीत ती बाई चढायची. बाजाराच्या थांब्यावर, हातात कापडाची गठडी, चेहरा असा की तिकिटाचे पैसे मागतानासुद्धा आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. ती शंभराची नोट द्यायची. मी उरलेल्या पैशांत पन्नासची नोट पुढे करायचो. ती हात मागे घ्यायची आणि खिडकीबाहेर बघत म्हणायची, "हा नको. सुटे द्या."

एकदा झालं, दोनदा झालं. प्रत्येक वेळी तेच. मी म्हटलं, बाई, नोट चांगली कोरी आहे, फाटलेली नाही, काय वाईट आहे हिच्यात? मागच्या बाकावरचा कुणीतरी टवाळ ओरडायचा की घरी एक आहे तो पुरे झाला असेल त्यांना, आणि गाडी खो खो हसायची. ती आपली खिडकीबाहेर बघत बसायची. गर्दीच्या वेळी सुट्यांची मारामार असते, ते कंडक्टरलाच माहीत. मी मनातल्या मनात तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तिला मावश्या मोजून द्यायचो. पुढे पुढे तर ती चढताना दिसली की मी आधीच मावश्या बाजूला काढून ठेवायला लागलो. इतकी वर्षं आमच्यात तेवढंच बोलणं. ती म्हणायची, "दादला नको, मावश्या द्या, कंडक्टर." आणि मी द्यायचो.

मी निवृत्त झालो, बायको गेली, मुलगा नोकरीसाठी लांब गेला. मोठं घर खायला उठलं म्हणून ते सोडून एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली घेतली. पहिल्याच दिवशी जिन्यावर कोण भेटावं? गठडीवाली बाई. माझ्या बरोबर खालच्या खोलीत राहत होती. मी ओळखीचं हसलो. तिनं मान हलवली आणि म्हणाली, पाणी सकाळीच येतं, भरून ठेवा. झालं. तेवढंच स्वागत.

शिवणकाम करून ती पोट भरायची. शाळेचे गणवेश, पडद्यांच्या कडा, जुन्या पँटी आत घेणं, असलं. खोली म्हणाल तर हातभर. दारातून आत गेलं की समोर मशीन, त्याच्याशेजारी कापडांचा ढीग, आणि मशीनच्या डाव्या हाताला लोखंडी चौकटीतला उंच आरसा, गिऱ्हाइकांना कपडा अंगावर बघायला. आरसा मशीनला इतका खेटून होता की शिवता शिवता तिचा कोपर त्याला लागायचा. भिंतीवर एकही फोटो नाही. मी पुष्कळांच्या घरी गेलो आहे, पण एकही फोटो नसलेली भिंत तिथेच बघितली.

बायको गेल्यावर मी वाळत गेलो होतो. पँटी कमरेवर राहीनात म्हणून तिच्याकडे आत घ्यायला नेल्या. मग एकाच पँटीच्या कामाला तीन-तीनदा जायला लागलो. बटण सैल आहे, शिवण उसवेल असं वाटतंय, काहीही. तिला कळत होतं. एक दिवस तिनं चहाचा कप मशीनच्या फळीवर ठेवला, माझ्या बाजूला. मग रोज संध्याकाळी मी तिथे बसायला लागलो. ती शिवायची, मी बडबडायचो. मुलगा आठवड्याला एकदा फोन करून जेवलात का विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवतो, हे मी तिला सांगितलं. ती हसली नाही, हळहळलीही नाही. माणसं अशी कान देऊन ऐकतात हे मी विसरूनच गेलो होतो.

एकदा मी तिला शिलाईचे पैसे द्यायला गेलो आणि सवयीनं पन्नासची नोट काढली. ती मान फिरवून म्हणाली, टेबलावर नको, खिशात ठेवा. आता मात्र मला राग आला. मी म्हटलं, अहो, गाडीत तुम्ही माझ्या नाकी नऊ आणलेत, ठीक आहे. आता तरी सांगा, त्या बिचाऱ्या दादल्यानं तुमचं काय घोडं मारलंय?

तिनं मशीन थांबवलं. सुई वर घेतली, कापड सोडवलं, दोरा तोडला. मग म्हणाली, "तो माझाच नवरा आहे. म्हणजे असं लोक सांगतात."

मला वाटलं, एकटी राहून बाईचं डोकं फिरलं. पण ती सरळ सांगत गेली, जसं कुणाच्या तरी मापाचं सांगावं तसं.

तिचा नवरा काचा बसवायचा. नोटा छापतात त्या छापखान्यात एका वर्षी खिडक्यांच्या काचा बदलायचं काम निघालं. तिथे एक चित्रकार होता. नवी पन्नासची नोट काढायची होती आणि तिच्यावर कुणी मोठा माणूस नको, एखादा कष्टकरी हवा, असं ठरलं होतं. चित्रकारानं खांद्यावर काच घेऊन चाललेला हा माणूस बघितला आणि म्हणाला, थांब. काच चित्रात दिसत नाही म्हणून खांद्यावर फळी दिली. जेवणाच्या सुट्टीत हा खिडकीशी उभा राहायचा आणि तो काढायचा. घरी येऊन बायकोला सांगायचा की आता बघ, देशातल्या प्रत्येक माणसाच्या खिशात मी असणार, आणि तुझ्याच खिशात नसणार, कारण तुझ्याकडे पैसे कधी असतात? दोघं खूप हसायची म्हणे.

नोट छापून यायला फार वेळ लागला. तेवढ्यात तो एका कारखान्याच्या काचेच्या छपरावरून पडला. तिला निरोप गेला तेव्हा उशीर झाला होता. ती पोचली तोवर चेहरा झाकलेला होता आणि लोकांनी तिला तो उघडू दिला नाही. बघवणार नाही, म्हणाले. फोटो एकही नव्हता. दोघांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध कचेरीत जाऊन लग्न केलेलं, सोबत दोन साक्षीदार, ते सुद्धा रस्त्यावरून बोलावलेले. फोटो नंतर काढू म्हणाले. ते नंतर राहूनच गेलं.

ती कपड्यांच्या कारखान्यात लागली. तिचा पहिला पगार झाला त्यात नव्या कोऱ्या पन्नासच्या नोटा होत्या. चित्राचं तिनं आधीच सांगितलेलं, त्यामुळे सगळ्या बायका भोवती जमल्या, तुझा नवरा आलाय म्हणून. तिनं नोट हातात घेतली आणि बघितलं.

"ते नव्हतेच," ती म्हणाली. "सगळं त्यांचं होतं. नाक, कपाळ, ओठ, भुवईवरचा काचेचा वण. आणि तरी ते नव्हते. दुसराच कुणीतरी त्यांचा चेहरा लावून बसला होता. फळीसुद्धा उजव्या खांद्यावर. त्यांचा उजवा खांदा लहानपणी निखळलेला होता, ते तिकडे कधी ओझं घ्यायचेच नाहीत."

ती छापखान्याच्या फाटकाशी गेली. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही, पण ती हटेना म्हणून चित्रकार बाहेर आला. म्हातारा माणूस. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं की बाई, मी एक रेघ खोटी काढलेली नाही, जसा होता तसाच काढला. ती त्याला खोटारडा म्हणाली आणि परत आली. त्या दिवसापासून तिनं ती नोट घेतली नाही.

मी म्हटलं, अहो, चित्रकार लोक इकडचं तिकडे करतातच, आकडा बसवायला जागा लागली असेल म्हणून फळी हलवली असेल. तुम्ही एका फळीसाठी एवढं धरून बसलात? दुसरी कुणी असती तर पेटी भरून ठेवली असती.

ती म्हणाली, तुम्हाला कळत नाही. माझ्याकडे त्यांचं काहीच नाही, फक्त डोक्यात जो चेहरा आहे तेवढाच. ही नोट बघत राहिले तर तो पुसला जाईल आणि हा बसेल त्याच्या जागी. म्हणून नको म्हणत होते. मग सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "आणि तरी तेच झालं, कंडक्टर. आता डोळे मिटले की हाच येतो. नोटेवरचा. माझा मला सापडत नाही."

माझी बायको भिंतीवर फोटोत आहे, रोज दिसते, म्हणून मी कधी तिला आठवायचे कष्टच घेतले नाहीत. चहा तसाच टाकून मी वर गेलो.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी पन्नासची नोट बंद होणार असं जाहीर झालं. नवी येणार, तिच्यावर पूल. आता पुलाला कोण काय नाव ठेवणार, सांगा. जुन्या नोटा अमुक तारखेपर्यंत बँकेत भरा, नंतर त्यांचा कागद झाला म्हणून समजा. बाजारात जो तो दादला दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघायला लागला. म्हातारा झाला, टाका आता घराबाहेर, असले विनोद सुरू झाले. मी किराणा दुकानात असताना एक बाई असंच काहीतरी बोलली आणि मी तिच्या अंगावर खेकसलो. ती बघतच राहिली. तिचा काय दोष? तिच्यासाठी तो दादलाच होता.

खालच्या खोलीत मात्र त्याबद्दल चकार शब्द नाही. मशीन चालू. फक्त एकदा तिनं कापडावरून नजर न उचलता विचारलं की परत गेलेल्या नोटांचं काय करतात. मी म्हटलं, तुकडे करत असतील, जाळत असतील. ती बरं म्हणाली. पण ती शिवण तिला उसवावी लागली, वाकडी गेली होती. तिची शिवण वाकडी गेलेली मी पहिल्यांदाच बघितली.

तारीख जवळ आली तशी माझ्या डोक्यात एकच घोळायला लागलं. ही बाई हट्टानं रिकाम्या हातानं बसणार आणि एक दिवस तिला वाटणार की निदान तो खोटा तरी जवळ असता. तेव्हा कुठून आणणार? मी घरातल्या नोटा शोधल्या. बहुतेक सगळ्या मी मुलानं सांगितल्याबरोबर बँकेत भरून टाकल्या होत्या. कंडक्टरची जुनी पिशवी खुंटीला लटकत होती, तिच्या फाटक्या अस्तरात हात घातला तर एक दादला निघाला. चेपलेला, पण चेहरा शाबूत. माझ्या शेवटच्या फेरीतला असावा. मी तो पुस्तकाखाली दाबून सरळ केला आणि संध्याकाळी खाली गेलो.

ती मशीनवर बसलेली, जाड चष्मा नाकावर, डावा कोपर आरशाला टेकलेला. मी तिच्या उजव्या बाजूला उभा राहिलो आणि म्हटलं, ही ठेवून घ्या. बघू नका, डब्यात तळाशी टाका, पण ठेवा. उद्यानंतर मागितलीत तरी मिळणार नाही.

नको म्हणाली. मी म्हटलं, ठेवा. ती म्हणाली, कंडक्टर, तुम्ही वर जा. माझं डोकं तापलं. आयुष्यभर मी या बाईसाठी सुटे शोधत फिरलो, कधी तरी हिनं माझं एक ऐकायला नको? मी नोट सरळ तिच्या गालाशी नेऊन धरली आणि आवाज चढवून म्हणालो, "घ्या म्हणतो ना. किती वर्षं तोंड फिरवणार आहात त्याच्याकडून?"

तिनं नेहमीसारखं तोंड फिरवलं. गाडीत असती तर खिडकी होती. इथे डाव्या हाताला आरसा होता.

मला वाटलं आता रडेल किंवा ओरडेल. दोन्ही नाही. ती तशीच थांबली. मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. पाय मशीनच्या पायपट्टीवरून हळूच खाली आला आणि चाक आपोआप फिरत फिरत थांबलं. मी घाबरलो, वाटलं बाईला काही झालं. मी वाकून आरशात बघितलं तर तिच्या गालाशेजारी माझा हात, हातात नोट, आणि नोटेतल्या माणसाच्या डाव्या खांद्यावर फळी.

मला तेव्हा डेपोतला रबरी शिक्का आठवला. त्याच्यावरची अक्षरं उलटी कोरलेली असतात, तेव्हा कुठे कागदावर सुलटी उमटतात. चित्रकार खोटं बोलला नव्हता. पुढे कुणीतरी त्याचं चित्र जसंच्या तसं ठशावर कोरलं, उलटं करायचं विसरला, आणि माणूस उलटा छापला गेला. अक्षरं उलटी झाली असती तर पहिल्या दिवशी बोंब झाली असती. आकडे सुलटे होते. बाकी माणूस कुठल्या खांद्यावर ओझं वाहतो हे बायकोशिवाय कुणाला माहीत असणार?

हे मी तिला सांगायला तोंड उघडलं. तिला त्याची गरज नव्हती. ती आणखी जवळ सरकली, इतकी की श्वासानं काच धुरकटली. तिनं पदरानं पुसली आणि पुन्हा बघायला लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग एकदम साध्या आवाजात, जसं घरी उशिरा आलेल्या माणसाशी बोलावं तसं, आरशाकडे बघून म्हणाली, "सारखा येत होतास रे. आणि मी दर वेळी तुला परत पाठवलं."

माझा खांदा भरून आला. मी हात किंचित खाली घेतला.

"हात हलवू नका, भाऊजी," ती म्हणाली.

मला भाऊजी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मी डाव्या हातानं उजव्या हाताचा कोपर खालून धरला. बाहेर अंधारत चाललं होतं आणि दिव्याचं बटण दाराजवळ होतं, पण तिथे जायचं म्हणजे हात काढावा लागला असता. तिनं न वळता विचारलं, अशा नोटा अजून कुणाकडे असतील का हो, तुमच्या ओळखीत, बाजारात, कुणाकडेही. मी म्हटलं, आता कुठून असणार, माझ्याकडे एवढी एकच होती. बरं, म्हणाली. आणि बघत राहिली. मी चालत्या गाडीत उभं राहिलेला माणूस, मला उभं राहायची सवय होती.